वाचनालयाच्या संकेतस्थळासाठी फ्रंटएंड फ्रेमवर्क कोणते घ्यावे? बॅकएंड एडब्ल्यूएसवर तयार आहे

पोफळी यांचा प्रश्न

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयासाठी मी गेले सहा महिने, नोकरी सांभाळून आणि विनामोबदला, एक संकेतस्थळ तयार करत आहे. पोटापाण्याचे माझे काम पुण्यात आणि तेही पायथॉनमधले, सर्व्हरच्या बाजूचे आहे. त्यामुळे सवयीप्रमाणे बॅकएंड आधी उभे राहिले आणि आता वाचकाला पडद्यावर काय दिसावे या प्रश्नापाशी मी अडून बसलो आहे.

बॅकएंड सगळे एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या मुंबई रीजनमध्ये आहे. पायथॉनची लॅम्डा फंक्शने (विनंती आली तेव्हाच चालणारे कोडचे तुकडे), त्यांच्यापुढे बाहेरच्या विनंत्या घेणारे एपीआय गेटवे, पुस्तकांच्या आणि देवघेवीच्या नोंदींसाठी डायनॅमोडीबी, सभासदांच्या लॉगिनसाठी कॉग्निटो आणि जुन्या दिवाळी अंकांच्या स्कॅन केलेल्या पानांसाठी एस-३ अशी मांडणी आहे. वाचनालय दुपारी बंद असते, रात्री कोणी संकेतस्थळाकडे फिरकत नाही आणि शासकीय अनुदान हप्त्याहप्त्याने येते. अशा परिस्थितीत चोवीस तास भाडे भरावे लागणारा सर्व्हर घेण्यापेक्षा वापरापुरते पैसे देणे बरे, एवढाच त्यामागचा विचार होता.

संकेतस्थळाचे तीन भाग आहेत. पहिला भाग सर्वांसाठी खुली असलेली ग्रंथसूची, तीत साधारण ३८,००० पुस्तके आहेत. दुसरा भाग सभासदांचा. त्यात आपल्याकडची पुस्तके पाहणे, मुदत वाढवणे, पुस्तक राखून ठेवणे आणि वर्गणीची बाकी पाहणे एवढेच करायचे आहे. तिसरा भाग देवघेव टेबलावरील कर्मचाऱ्यांसाठी असून तिथे बारकोड स्कॅनर आहे, दिवसभर तेच पान उघडे राहणार आहे आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळात टेबलापुढे रांग असते.

मदतीला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी आहेत. त्यांना थोडेफार रिॲक्ट येते, पण पुढच्या वर्षी ते नोकरीनिमित्त गावाबाहेर जातील हे गृहीत धरूनच चालावे लागेल. माझी धास्तीही सांगून टाकतो. २०१५ साली मी अँग्युलरजेएस या फ्रंटएंड फ्रेमवर्कमध्ये एक बऱ्यापैकी मोठे काम केले होते. पुढच्याच वर्षी अँग्युलर २ संपूर्ण वेगळ्या रचनेचे आले, जुन्याचा आधार २०२१ अखेर संपला आणि माझे ते काम दुसऱ्या कोणाला तरी मुळापासून पुन्हा करावे लागले. वाचनालयावर ती वेळ यायला नको.

रिॲक्ट, व्ह्यू, अँग्युलर आणि स्वेल्ट या चारांपैकी कोणते घ्यावे आणि का, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. कोहा किंवा ई-ग्रंथालय यांसारखे तयार ग्रंथालय सॉफ्टवेअर का नको, ही चर्चा आमच्या कार्यकारी मंडळात तीन बैठका चालून एकदाची संपली आहे, तेव्हा कृपया ती इथे पुन्हा सुरू करू नये.

अर्धविराम यांचे उत्तर

आपण चार नावे दिली आहेत, पण आपल्याच वर्णनातले तीन भाग एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की एकच नाव तिन्हींना लावण्याआधी थांबावे असे मला वाटते. ग्रंथसूचीचे पान म्हणजे मुळात वाचायचा मजकूर आहे. देवघेवीचे पान म्हणजे दिवसभर चालणारे यंत्र. सभासदांचा भाग या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो.

ग्रंथसूचीपासून सुरुवात करू. एखाद्या वाचकाने पुस्तकाच्या पानाचा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला, की व्हॉट्सॲप त्या पत्त्यावरचे एचटीएमएल आणते आणि त्यातील शीर्षक, वर्णन व चित्र दाखवते. त्या वेळी ते जावास्क्रिप्ट चालवत नाही. त्यामुळे रिॲक्टचे किंवा व्ह्यूचे नेहमीचे एकपानी ॲप (जे एकच जवळजवळ रिकामे पान पाठवून बाकी सगळे ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने उभे करते) असेल, तर प्रत्येक पुस्तकाच्या दुव्याखाली फक्त वाचनालयाचे नाव दिसेल, पुस्तकाचे नाही. गूगलचा रोबो जावास्क्रिप्ट चालवतो हे खरे, पण आपल्या गावातला वाचक गूगलवरून येण्याची शक्यता कमी आणि गटावरच्या दुव्यावरून येण्याची जास्त. म्हणून पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक आणि दाखल क्रमांक हे सारे सर्व्हरकडून येणाऱ्या एचटीएमएलमध्येच असायला हवे.

दुसरा मुद्दा वजनाचा आहे. एकपानी ॲप करणाऱ्या अनेकांना सगळी सूची एकदाच ब्राउझरमध्ये आणून तिथेच शोध चालवण्याचा मोह होतो. देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. शीर्षक आणि लेखक मिळून सरासरी ४० चिन्हे धरली तर एका पुस्तकाचे १२० बाइट होतात आणि ३८,००० पुस्तकांचे साडेचार मेगाबाइटपेक्षा जास्त. त्यात रकान्यांची नावे आणि इतर माहिती धरलेलीच नाही. फाइल दाबून पाठवली तरी जुन्या फोनला ती उलगडून स्मृतीत ठेवावीच लागते. शोध सर्व्हरवरच राहू द्यावा.

या कारणांसाठी ग्रंथसूचीपुरते ॲस्ट्रो घ्यावे असे मी सुचवीन. ॲस्ट्रो मूलतः जावास्क्रिप्टविना एचटीएमएल बनवते आणि पानातील जेवढा तुकडा हलता हवा तेवढ्यालाच रिॲक्ट, व्ह्यू किंवा स्वेल्ट लावू देते. पुस्तकाची माहिती सहसा बदलत नाही, बदलते ती 'उपलब्ध आहे की नाही' ही एकच ओळ. ती ओळ पान उघडल्यानंतर आपल्या एपीआयकडून आणावी.

देवघेव टेबलासाठी रिॲक्ट घेतले तरी बिघडत नाही. अँग्युलरजेएसच्या अनुभवामुळे आपण सावध झालात ते योग्यच आहे, पण रिॲक्टचा इतिहास त्या बाबतीत बराच सौम्य आहे. २०१३ साली ते खुले झाले, २०१९ मध्ये हुक्स आल्यावर लिहिण्याची पद्धत बदलली, तरीही त्याआधीचे क्लास घटक आजच्या १९ व्या आवृत्तीतही चालतात. परवान्यातील पेटंटच्या कलमावरून २०१७ मध्ये बराच गदारोळ झाला होता, पण त्याच वर्षी रिॲक्ट एमआयटी परवान्याखाली आले आणि तो प्रश्न मिटला. एक काळजी मात्र घ्यावी. विद्यार्थ्यांनी 'क्रिएट रिॲक्ट ॲप' हे नवा प्रकल्प उभा करणारे साधन वापरून सुरुवात केली असेल तर त्यांना तिथेच थांबवावे, कारण २०२५ च्या फेब्रुवारीत ते अधिकृतपणे निवृत्त केले गेले. त्याऐवजी व्हीट हे बांधणीचे साधन वापरावे.

कंसातला_मजकूर यांचे उत्तर

अर्धविराम यांचे विश्लेषण मला पटते, पण उपाय पटत नाही. सेवाभावाने चालणाऱ्या एका माणसाच्या कामात ॲस्ट्रो आणि रिॲक्ट अशी दोन साधने आणणे म्हणजे त्याच्या रविवारांवर दोन ओझी ठेवणे होय. दोन्हींच्या आवृत्त्या आपापल्या गतीने बदलणार, दोन्हींच्या पॅकेजांमध्ये सुरक्षेच्या सूचना येत राहणार आणि दोन वर्षांनी नवा विद्यार्थी आला की त्याला दोन्ही शिकवावी लागणार. शिवाय ३८,००० पाने आधीच बनवून ठेवायची म्हटली तर नव्या पुस्तकांचा गठ्ठा आल्यावर बांधणी (कोडपासून पानांच्या फाइली तयार करण्याची प्रक्रिया) पुन्हा चालवायची कोणी, हा प्रश्न उरतोच.

पोफळी, आपल्या प्रश्नातली सर्वांत मोलाची गोष्ट आपण ओझरती सांगून गेलात. आपल्याला पायथॉन येते. मग पुस्तकाचे पान आपल्याच लॅम्डा फंक्शनने जिंजा या पायथॉनमधल्या साधनाच्या साच्यातून एचटीएमएल म्हणून का पाठवू नये? पुढे क्लाउडफ्रंट ही एडब्ल्यूएसची पाने साठवून वाटणारी सेवा ठेवली की एकदा तयार झालेले पान काही तास किंवा एखादा दिवस कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, राहील, लॅम्डा पुन्हा पुन्हा चालणार नाही आणि नवे पुस्तक आले तरी कसलीही बांधणी करावी लागणार नाही. 'उपलब्ध आहे' ही ओळ आणणारी दहा-पंधरा ओळींची साधी जावास्क्रिप्ट फाइल पुरेल. ग्रंथसूचीला फ्रंटएंड फ्रेमवर्क लागतच नाही, आणि पाच वर्षांनी या पानात काही बदल करावा लागला तर तो आपण स्वतः अर्ध्या तासात कराल.

आता उरलेल्या भागासाठी चार नावांकडे पाहू. अँग्युलर मी नोकरीत रोज वापरतो आणि मोठ्या चमूसाठी ते मला आवडतेही. पण त्याची मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीला १८ महिनेच आधार मिळतो. याचा सरळ अर्थ असा की दरवर्षी कोणीतरी बसून आवृत्ती वाढवलीच पाहिजे. पगारी माणूस असेल तर ते ठीक आहे. वाचनालयात ते काम पहिल्या वर्षी होईल, दुसऱ्या वर्षी पुढे ढकलले जाईल आणि तिसऱ्या वर्षी कोणाच्या लक्षातही राहणार नाही.

व्ह्यू शिकायला चौघांत मला सर्वांत सोपे वाटते, कारण त्याचे साचे एचटीएमएलच्या जवळचे असतात. राउटर आणि स्थिती सांभाळणारे पिनिया ही दोन्ही त्याच मंडळींची असल्याने निवडीचा घोळ कमी होतो. मात्र व्ह्यू २ वरून ३ वर जाताना आमच्या चमूचे जवळजवळ चार महिने गेले. फ्रेमवर्क बदलले म्हणून ते गेले नाहीत. आम्ही ज्या तयार घटकांच्या लायब्ररीवर विसंबलो होतो ती नव्या आवृत्तीसाठी वेळेत तयार झाली नव्हती, म्हणून गेले. ३१ डिसेंबर २०२३ रोजी व्ह्यू २ चा आधार संपला तेव्हाही आमचे एक पान जुन्यावरच चालू होते. तक्त्यांच्या, कॅलेंडरच्या आणि सुंदर बटणांच्या लायब्रऱ्या कमीत कमी घ्याव्यात, हा त्यातून मिळालेला धडा कोणत्याही फ्रेमवर्कला लागू पडतो.

स्वेल्टबद्दल मला व्यक्तिशः प्रेम आहे. ते बांधणीच्या वेळीच बरेचसे काम उरकते, त्यामुळे छोट्या पानाचे वजन कमी राहते. तरी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीने रून्स ही नवी लेखनपद्धत आणली आणि आंतरजालावरची जुनी उत्तरे नवशिक्यांना गोंधळात पाडू लागली. तालुक्याच्या गावी स्वेल्ट येणारा पुढचा विद्यार्थी मिळेल याची खात्री मी देऊ शकत नाही. रिॲक्ट येणारा मिळेल. देवघेव टेबल आणि सभासदांचा भाग व्हीटवरच्या साध्या रिॲक्टमध्ये करावा, इतकेच माझे मत आहे.

ढगफुटी यांचे उत्तर

नावावर वाद होणार हे दिसतेच आहे, म्हणून मी फक्त फ्रंटएंड आणि क्लाउड यांच्या सांध्याबद्दल लिहितो. फ्रेमवर्क चुकले तर लिहिणाऱ्याला त्रास होतो. सांधा चुकला तर तो वाचकाला होतो.

संकेतस्थळ आणि एपीआय एकाच डोमेनवर ठेवावे. क्लाउडफ्रंटमध्ये नेहमीच्या पत्त्यांसाठी एस-३ ची बकेट आणि 'एपीआय' ने सुरू होणाऱ्या पत्त्यांसाठी एपीआय गेटवे असे दोन उगम देता येतात. डोमेन वेगळे असेल आणि विनंतीसोबत ऑथोरायझेशनचे शीर्ष (हेडर) जात असेल, तर ब्राउझर खऱ्या विनंतीआधी परवानगी विचारणारी आणखी एक विनंती पाठवतो. कमकुवत नेटवर्कवर ती एक जादा फेरी जाणवते. डोमेन एकच असेल तर ही फेरी वाचते आणि सीओआरएसच्या (वेगळ्या डोमेनला परवानगी देण्याच्या नियमांच्या) चुका शोधण्यात जाणाऱ्या रात्रीही वाचतात.

एकपानी ॲप एस-३ वर ठेवल्यावर सगळेच एका खड्ड्यात पडतात. सभासदाने 'माझी पुस्तके' हे पान बुकमार्कमध्ये साठवले आणि तिथून थेट उघडले, तर त्या नावाची फाइल बकेटमध्ये नसल्याने ४०३ किंवा ४०४ येतो. यावर बहुतेक ठिकाणी सुचवलेला उपाय असा असतो की क्लाउडफ्रंटच्या त्रुटीपानांत या दोन्हींसाठी मुख्य इंडेक्स फाइल २०० या स्थितीने परत करावी. आपल्या मांडणीत हा उपाय घातक ठरेल, कारण ती त्रुटीपाने संपूर्ण वितरणाला लागू होतात. मग एपीआयने 'असे पुस्तक नाही' म्हणून ४०४ पाठवला तरी ब्राउझरला २०० आणि एचटीएमएलचे पान मिळते आणि अपेक्षित जेसन (एपीआयच्या उत्तराचा साचा) वाचता येत नाही म्हणून ॲप कोसळते. मी स्वतः एका कामात दोन दिवस लॅम्डाच्या नोंदी चाळत बसलो होतो आणि लॅम्डाची काहीच चूक नव्हती. त्याऐवजी फक्त एस-३ च्या वाटेवर एक छोटे क्लाउडफ्रंट फंक्शन लावावे आणि ज्या पत्त्याच्या शेवटी फाइलचा विस्तार नाही तो इंडेक्सकडे वळवावा.

कॅशेबाबत दोन नियम पुरेत. व्हीट ज्या फाइलींच्या नावात मजकुरागणिक बदलणारी अक्षरांची खूण घालते त्या एक वर्ष, म्हणजे ३१५३६००० सेकंद, ठेवायला हरकत नाही. इंडेक्स फाइल मात्र प्रत्येक वेळी तपासून घेतली जावी असे शीर्ष द्यावे. नाहीतर आपण केलेली दुरुस्ती टेबलावरच्या संगणकाला आठवडाभर दिसणार नाही आणि फोन आपल्याला येतील.

लॉगिनविषयी थोडे सविस्तर सांगतो. कॉग्निटोचे प्रवेश टोकन (लॉगिन झाल्याचा पुरावा) ठरवून न बदलल्यास १ तास चालते आणि नूतनीकरणाचे ३० दिवस. एडब्ल्यूएसच्या ॲम्प्लिफायची जावास्क्रिप्ट लायब्ररी ही टोकने मूलतः ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवते. पानात कुठूनही परकी स्क्रिप्ट शिरली तर ती तिथून उचलता येतात. सभासदांच्या भागात बाहेरच्या स्क्रिप्टच नसतील तर हा धोका बराच आटोक्यात राहतो. त्याहून पक्की व्यवस्था हवी असेल तर लॅम्डाकडून एचटीटीपी-ओन्ली, म्हणजे जावास्क्रिप्टला वाचता न येणारी, कुकी द्यावी लागेल, जे एकच डोमेन असल्यामुळे सोपे जाते. देवघेवीच्या संगणकावर तीन कर्मचारी आळीपाळीने बसत असतील, तर ३० दिवसांची मुदत तिथे नक्कीच कमी करावी.

आणि कोणते बटण कोणाला दिसावे हे रिॲक्टमध्ये ठरवा, पण कोणाला काय करता यावे हे लॅम्डामध्येच तपासा. २०२५ च्या मार्चमध्ये नेक्स्ट जेएस या रिॲक्टवर आधारित फ्रेमवर्कमध्ये असा दोष उघड झाला की विनंतीत एक विशिष्ट शीर्ष घातले की मिडलवेअरमधली (पानापर्यंत पोहोचण्याआधीच्या थरातली) तपासणीच टाळता येत होती. ज्यांनी खालच्या थरात पुन्हा तपासणी ठेवली होती ते वाचले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रिॲक्टच्या सर्व्हर घटकांत त्याहून गंभीर दोष सापडला, ज्यातून बाहेरच्याला सर्व्हरवर आपला कोड चालवता येत होता. एस-३ वरच्या साध्या रिॲक्ट फाइलींना त्याची झळ लागत नव्हती, कारण तिथे चालवायला सर्व्हरच नसतो. म्हणूनच इथे कोणीतरी नेक्स्ट जेएस सुचवण्याआधी मी सांगून ठेवतो: ते चांगले आहे, पण आपल्याजवळ सर्व्हरचे काम करणारी लॅम्डा आधीच आहे, आणखी एक सर्व्हर सांभाळण्याचे कारण मला दिसत नाही.

जाता जाता, व्हीटच्या ज्या पर्यावरण चलांचे नाव 'VITE_' ने सुरू होते त्यांतली फ्रंटएंडमध्ये वापरलेली गोष्ट बांधणीत जाते आणि कोणालाही वाचता येते. गुपिते तिथे ठेवू नयेत, विद्यार्थ्यांनाही हे आधीच सांगावे.

पोफळी

सर्वांचे मनापासून आभार. जिंजाचा पर्याय माझ्या डोळ्यांसमोर असूनही मला दिसला नव्हता, याची थोडी लाजच वाटली. काल रात्री पुस्तकाचे एक पान तसे करून पाहिले आणि दुवा वाचनालयाच्या गटावर टाकला. पुस्तकाचे नाव आणि मुखपृष्ठ व्यवस्थित दिसले. फंक्शन थंड असताना (बराच वेळ न चाललेले असताना) पहिल्या वेळी पान यायला सेकंदभर लागला, कॅशेत गेल्यावर मात्र लगेच आले.

विद्यार्थ्यांनी देवघेवीचे पान व्हीट आणि रिॲक्टमध्ये सुरू केले आहे आणि त्यातून दोन अडचणी पुढे आल्या आहेत. पहिली म्हणजे आमच्याकडे जून ते सप्टेंबर इंटरनेट कधी जाईल याचा नेम नसतो. इन्व्हर्टरवर संगणक चालू राहतो, पण एपीआय मिळत नाही, आणि रांगेतल्या माणसाला परत पाठवणे शक्य नसते. दुसरी अडचण जरा विचित्र आहे. मुदत वाढवण्याच्या रकान्यात कर्मचाऱ्याने '१५' हे देवनागरीत लिहिले तर विद्यार्थ्यांचे पान तो आकडा नाकारते, आणि माझ्या पायथॉनच्या चाचण्यांत मात्र तोच आकडा बिनतक्रार चालतो.

अर्धविराम

ॲस्ट्रोचा आग्रह मी मागे घेतो. जिंजाचा मार्ग आपल्यासाठी अधिक सोयीचा आहे.

आकड्यांचे कारण साधे आहे. संख्येत रूपांतर करणारे पायथॉनचे इंट हे फंक्शन देवनागरी आकडे समजून घेते, जावास्क्रिप्टचे नंबर हे फंक्शन घेत नाही, ते 'संख्या नाही' असे उत्तर देते. रकान्यातून आलेल्या मजकुरातील ० ते ९ हे देवनागरी आकडे आधी इंग्रजी आकड्यांत (0 ते 9) बदलणारे एक छोटे फंक्शन लिहून सगळीकडे तेच वापरावे. उलट दिशेचे काम ब्राउझर स्वतः करतो: संख्या दाखवताना इंटल या त्याच्या अंगभूत सुविधेला मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची निवड) दिले की तो देवनागरी आकडे आणि लाखांचे स्वल्पविराम दोन्ही लावतो. पानाच्या एचटीएमएल टॅगवर भाषा मराठी असल्याचे लिहिण्यास विसरू नये. काही टंकांत (फॉन्टमध्ये) 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे त्यावरच उमटतात, अन्यथा हिंदी वळणे दिसतात.

शोधातही असाच एक सापळा आहे. 'सुऱ्या' या शब्दातला अर्धा र दोन वेगवेगळ्या चिन्हक्रमांनी टंकित होतो, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात आणि तुलनेत मात्र वेगळे ठरतात. नोंद साठवताना आणि शोधताना लॅम्डामध्ये दोन्हींचे एकच रूप करून घ्यावे. हे फ्रंटएंडचे काम नव्हे.

ढगफुटी

इंटरनेट नसतानाची देवघेव हा फ्रेमवर्कपेक्षा मोठा निर्णय आहे, पण आपल्याकडे टेबल एकच असल्याने तो आवाक्यातला आहे. सर्व्हिस वर्करने (इंटरनेट नसतानाही पान पुरवणाऱ्या ब्राउझरमधल्या स्क्रिप्टने) पान उघडते ठेवावे, सभासद आणि पुस्तके यांची टेबलापुरती आटोपशीर यादी रोज सकाळी इंडेक्स्डडीबी या ब्राउझरमधल्या साठ्यात उतरवून घ्यावी आणि प्रत्येक देवघेव आधी तिथेच नोंदवून मग रांगेने एपीआयकडे पाठवावी. सगळी सूची ब्राउझरमध्ये आणू नये असे वर म्हटले आहे ते वाचकांच्या फोनसाठी. टेबलावरच्या एका संगणकाला ते लागू नाही. प्रत्येक नोंदीला ब्राउझरमध्येच एक अनन्य क्रमांक द्यावा आणि डायनॅमोडीबीमध्ये तो क्रमांक आधी नसेल तरच लिहावे अशी अट घालावी, म्हणजे इंटरनेट परत आल्यावर तीच नोंद दोनदा गेली तरी पुस्तक दोनदा दिले गेले असे होणार नाही. किती नोंदी पाठवायच्या राहिल्या आहेत तो आकडा पानाच्या वरच्या कोपऱ्यात ठळक दिसावा आणि तो शून्य झाल्याशिवाय संगणक बंद करायचा नाही, हे कर्मचाऱ्यांना सांगून ठेवावे. सभासदाने त्याच वेळी फोनवरून पुस्तक राखून ठेवले असेल तर टेबलावरची नोंद खरी मानावी, कारण पुस्तक प्रत्यक्ष टेबलावर असते.

कंसातला_मजकूर

स्कॅनर हा संगणकाच्या दृष्टीने कीबोर्डच असतो. कर्मचाऱ्याने मराठीत नाव शोधून कीबोर्ड तसाच मराठीवर ठेवला आणि मग पुस्तक स्कॅन केले, तर बारकोडातली रोमन अक्षरे देवनागरीत उमटतात आणि 'पुस्तक सापडले नाही' असा संदेश येतो. दाखल क्रमांकाच्या बारकोडात आपण एखादे रोमन अक्षर घातले असेल तर पुढची चिकटपत्रे छापण्याआधी ते काढून टाका आणि नुसते आकडे ठेवा. काही मांडण्यांत आकडेही देवनागरी येतील, पण अर्धविराम यांनी सांगितलेले ते छोटे फंक्शन तिथे कामी येईल.

पोफळी

अक्षर आहे. ८,००० चिकटपत्रे छापून झाली आहेत. तेव्हा ते अक्षर देवनागरीत आले तर ओळखून परत रोमन करण्याचे काम विद्यार्थ्यांकडे दिले आहे, आणि उरलेली ३०,००० नुसत्या आकड्यांची छापू.